बॅरिस्टर काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचें अल्पचरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेंत एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र असावें, असा आग्रह पुष्कळ बंधुभगिनींनीं आमच्याजवळ धरला. संतांचीं चरित्रें आपण उपदेशांतून नित्य ऐकतां. म्हणून ह्या खेपेस, ज्याची प्रतिमा कोणत्याहि वेदीवर बसलेली नाहीं, परंतु ज्याचा बाप्तिस्मा, ज्याची भाषा आणि ज्याची माती आपलीच होती, अशा एका सामान्य कॅथलिक गृहस्थाचें चरित्र लिहिण्याचें आम्हीं योजिलें.

ह्या निवडीस एक लहानसें निमित्तहि घडलें. मागें वेल्ह्याच्या बाजारांत आपल्यांतील एका तरुणास एका वृद्ध शेतकऱ्यानें सहज विचारलें कीं, तुम्ही ख्रिस्ती मंडळी मूळचीं कोणत्या देशचीं? विचारणाऱ्याच्या मनांत द्वेष नव्हता, केवळ कुतूहल होतें. ज्याच्या पणज्यानें तोरण्याच्या पायथ्याशीं भात लाविलें, त्या ह्या मुलाला उत्तर मात्र सुचेना. तो खिन्न होऊन आमच्याकडे आला व बसून राहिला. आम्हीं त्याला चार शब्द सांगितले; पण तें उत्तर अपुरें होतें, हें आमचें आम्हांस कळत होतें. सेमिनरींत असतां आम्हीं आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेलचें चरित्र वाचिलें होतें. परंतु मुंबईच्या माझगांवांत जन्मलेल्या आपल्याच भाषेच्या कॅथलिक पुढाऱ्याचें नांव आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें. त्या तरुणाच्या राहिलेल्या उत्तराची भरपाई म्हणून हा लेख आहे.

जन्म व शिक्षण

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म मुंबईंत माझगांव येथील माथारपाखाडी ह्या वस्तींत ता. १७ मार्च १८६४ रोजीं झाला. त्यांचे वडील जॉन बॅप्टिस्टा हे भाईंदरजवळच्या उत्तन गांवचे. उत्तन हें साष्टी बेटाच्या टोंकाशीं समुद्रकांठीं वसलेलें गांव. त्या बाजूचे कोळी, आगरी व शेतकरी लोक पोर्तुगीज अमदानींत ख्रिस्ती झाले. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीज राज्य गेलें. पुढें मराठ्यांचेंहि राज्य जाऊन इंग्रज आले. तीन राज्यें बदललीं, तरी ह्या लोकांची श्रद्धा टिकली आणि त्यांच्या घरांतली मराठी बोलीहि टिकली. १८८७ सालीं ह्या समाजानें ईस्ट इंडियन असें इंग्रजी नांव घेतलें खरें. पण त्यांच्या लग्नांतलीं गाणीं व आजीबाईंच्या गोष्टी मराठींतच राहिल्या.

जन्मदिवसाचा एक योगायोग येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. १७ मार्च हा आयर्लंडचा प्रेषित संत पॅट्रिक याचा सण होय. आपल्या पुणें धर्मप्रांताचें कॅथेड्रलहि त्याच संताच्या नांवाचें आहे. कारण १८५० सालीं तें मंदिर बांधलें गेलें तें छावणींतील कॅथलिक सैनिकांसाठीं, आणि त्या सैनिकांत आयरिश लोकांचा भरणा मोठा होता. ज्या बाळाचा जन्म ह्या संताच्या सणादिवशीं झाला, त्याच्या आयुष्यास पुढें आयर्लंडच्याच इतिहासानें वळण लावावें, ही ईश्वराची योजनाच आम्ही समजतों.

माझगांवच्या सेंट मेरी शाळेंत आरंभींचें शिक्षण झाल्यावर जोसेफ स्थापत्यशास्त्र शिकण्यास पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत आले. १८५४ सालीं लहानशा वर्गाच्या रूपानें निघालेली ही संस्था तेव्हां कॉलेज ऑफ सायन्स या नांवानें ओळखली जाई. त्याच सुमारास आपल्या भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचें पहिलें धरण उभें राहत होतें, नीरेच्या कालव्यांचीं कामें चाललीं होतीं, आणि हुशार विद्यार्थ्यास ह्या विद्येंत पोटापाण्याची ददात नव्हती. परंतु जोसेफ यांचें मन दगडचुन्याच्या बांधकामांत रमलें नाहीं. राज्य कशावर उभें राहतें आणि कायदा कोणाच्या हातीं असतो, ह्या प्रश्नांनीं त्यांस विलायतेस नेलें.

आयर्लंडचा धडा

काकांचें पुढील जीवित समजण्यास आयर्लंडची हकीकत थोडी माहीत असणें अवश्य आहे. तें बेट इंग्लंडच्या पश्चिमेस असून तेथील बहुसंख्य प्रजा कॅथलिक. इंग्लंडच्या राजानें व पार्लमेंटानें रोमशीं नातें तोडल्यावर ह्या प्रजेवर जाचक कायदे लादले गेले. अठराव्या शतकांत कॅथलिक मनुष्यास जमीन विकत घेण्यास बंदी होती. पांच पौंडांहून अधिक किंमतीचा घोडा बाळगण्यासहि बंदी होती. आपल्याच मुलुखांत तो परक्याचें कूळ होऊन राहिला. त्या शतकाच्या अखेरीस हे कायदे थोडे सैल झाले आणि १७९३ सालीं आयर्लंडच्या कॅथलिकांस मत देण्याचा अधिकार मिळाला. परंतु पार्लमेंटांत बसण्याचा मिळाला नाहीं. १८०१ सालीं तर आयर्लंडचें स्वतंत्र पार्लमेंटच मोडून तें बेट इंग्लंडशीं जोडण्यांत आलें.

अशा वेळीं डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक वकील पुढें आला. त्यानें १८२३ सालीं एक संघ स्थापिला व पुढच्या वर्षापासून गरिबांतल्या गरिबाकडून महिन्याला एक पेनी वर्गणी घेण्यास प्रारंभ केला. रविवारीं मिस्सेच्या वेळीं मंदिराच्या दाराशीं ही पेनी गोळा होई. पेनी ती केवढी! पण ती देणाऱ्या शेतकऱ्यास वाटूं लागलें कीं, आपलें कांहीं तरी ह्या कामांत गुंतलेलें आहे. १८२८ सालीं क्लेअर परगण्यांतून ओकॉनेल निवडून आला. परंतु कॅथलिक धर्माविरुद्ध शपथ घेतल्याशिवाय त्यास पार्लमेंटांत बसतां येईना. सरकारास यादवीची भीति पडली आणि १८२९ सालीं कॅथलिकांच्या मुक्ततेचा कायदा मंजूर झाला. तलवार न उपसतां, कायद्याच्या चौकटींत राहून, लाखों दरिद्री माणसांनीं मिळविलेला हा विजय होता. मात्र त्याची किंमतहि द्यावी लागली. त्याच वेळीं मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यांत आली, आणि ज्या लहान शेतकऱ्यांनीं हा विजय मिळवून दिला त्यांतील बहुतेकांचें मतच हिरावलें गेलें. पुढाऱ्यांस जागा मिळाल्या, गरिबाचें मत गेलें. हा दोष वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

त्यानंतर १८४५ पासून चार-पांच वर्षें बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. इतकी माणसें मरत असतां बेटांतून धान्य बाहेर जातच होतें. ज्या प्रजेचें राज्य दूर बसलेले लोक करतात, तिच्या उपासमारीची आंच राज्यकर्त्यांस लागत नाहीं, हें ह्या दुष्काळानें जगास शिकविलें. पुढें मायकेल डेव्हिट ह्या कॅथलिक गृहस्थानें १८७९ सालीं कुळांची चळवळ उभारली. आणि पार्लमेंटांत आयरिश सभासदांचें नेतृत्व चार्ल्स पार्नेल याच्याकडे आलें. हा पार्नेल स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार होता. कॅथलिक प्रजेनें एका प्रॉटेस्टंट पुढाऱ्यामागें जाण्यास मागेंपुढें पाहिलें नाहीं. त्यांची मागणी होमरूलची, म्हणजे आपल्या घरचा कारभार आपण पाहण्याची होती. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांनीं १८८६ व १८९३ अशीं दोनदां त्यासंबंधीं बिलें आणलीं. पहिलें कॉमन्स सभेंत पडलें, दुसरें लॉर्डांनीं पाडलें.

केंब्रिज येथें

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, ह्या होमरूलच्या वादाचा धुरळा अद्यापि हवेंत असतां, जोसेफ बॅप्टिस्टा केंब्रिजच्या विद्यापीठांत दाखल झाले. श्रीमंतांच्या मोठ्या कॉलेजांत ज्यांस राहणें परवडत नसे, अशांसाठीं फिट्झविल्यम नांवाची जी सोय होती तेथें ते राहिले व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले. एका कॅथलिक विद्यार्थ्यास ही पदवी मिळावी, हेंहि त्या झगड्यांचेंच फळ होतें. १८५६ सालापर्यंत केंब्रिजमध्यें कॅथलिकास पदवी घेतां येत नसे. आणि खुद्द आपल्या धर्माधिकाऱ्यांनीं इंग्रज कॅथलिक तरुणांवर त्या विद्यापीठांत जाण्यास घातलेली बंदी १८९५ सालीं उठविली.

तेथें त्यांनीं आयर्लंडचा प्रश्न जवळून पाहिला. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आयर्लंड व हिंदुस्थान यांचें दुखणें एक, आणि औषधहि एकच असावें. ही जाणीव त्या काळीं इतरांनाहि होऊं लागली होती. दादाभाई नौरोजी १८९२ सालीं लंडनच्या एका मतदारसंघांतून पार्लमेंटांत निवडून आले. आल्फ्रेड वेब हा आयरिश सभासद १८९४ सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला. बॅप्टिस्टा बॅरिस्टर होऊन मुंबईस परत आले ते हेंच बीज गांठीं बांधून.

वकिली व टिळकांचा स्नेह

मुंबईस येऊन त्यांनीं वकिली आरंभिली व म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद म्हणून दीर्घ काळ काम केलें. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. पुण्याचा एक चित्पावन ब्राह्मण आणि माझगांवचा एक कॅथलिक ख्रिस्ती, अशी ही जोडी त्या काळच्या लोकांस नवलाची वाटली असल्यास आश्चर्य नाहीं. आपल्या समाजांतील बहुतेक सुशिक्षित लोक सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेंत व इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर नोकरीस होते. सरकारचा रोष म्हणजे चुलीवर पाणी, अशी स्थिति होती. शिवाय इंग्रज हे ख्रिस्ती, म्हणून त्यांचें राज्य तें आपलें राज्य, असा एक भ्रमहि पुष्कळांच्या मनांत होता. ज्यानें आयर्लंड पाहिलें होतें त्यास हा भ्रम राहणें शक्य नव्हतें. कारण तेथें ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीं ख्रिस्ती प्रजेसच दोन शतकें गांजलें होतें. राज्यकर्त्याच्या गळ्यांत क्रूस असला म्हणून त्याचा कायदा न्याय्य ठरत नाहीं.

१९०८ सालीं टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां टिळकांनीं आपला बचाव स्वतःच केला. बॅप्टिस्टा त्यांच्या साह्यास कोर्टांत होते. ता. २२ जुलै रोजीं सहा वर्षांची शिक्षा झाली व टिळक मंडालेस गेले. निकाल ऐकतांच मुंबईच्या गिरणी कामगारांनीं, वर्षास एक दिवस ह्या हिशेबानें, सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. १९१० सालीं विनायक दामोदर सावरकर यांजवर मुंबईंत खटला चालला, त्यांतहि बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. सावरकरांचा मार्ग बॅप्टिस्टांचा नव्हता. ते शस्त्राचे पुरस्कर्ते नव्हते. परंतु आरोपीस बचाव मिळालाच पाहिजे, मग तो कोणी कां असेना, हा वकिलाचा धर्म त्यांनीं पाळला. ज्या काळीं अशा खटल्यांत उभें राहणें म्हणजे पोलिसांच्या वहींत स्वतःचें नांव चढविणें होतें, त्या काळची ही गोष्ट आहे. लोक त्यांस प्रेमानें काका म्हणूं लागले. हिंदूंच्या तोंडून एका ख्रिस्ती गृहस्थास मिळालेली ही घरगुती पदवी आम्हांस सरकारच्या कोणत्याहि किताबाहून मोठी वाटते.

ईस्टरचा आठवडा, १९१६

टिळक १९१४ सालीं मंडालेहून सुटून आले. पुढल्याच वर्षीं मे महिन्यांत पुण्यास राष्ट्रीय पक्षाची प्रांतिक परिषद भरली, तिचें अध्यक्षस्थान काका बॅप्टिस्टांस देण्यांत आलें. आयर्लंडच्या धर्तीवर हिंदुस्थानानेंहि होमरूल मागावें, ह्या मागणीसाठीं स्वतंत्र संघ असावा, हा विचार आतां पक्व झाला, आणि ता. २८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांव येथें होमरूल लीगची स्थापना झाली. काका तिचे पहिले अध्यक्ष झाले, नरसिंह चिंतामण केळकर चिटणीस झाले. टिळकांनीं स्वतः कोणतेंहि पद घेतलें नाहीं. ॲनी बेझंट बाईंनीं आपली निराळी लीग त्याच वर्षीं सप्टेंबरांत मद्रासेकडे काढली. टिळकांच्या लीगचें क्षेत्र महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड असें होतें. मराठी पुस्तिका निघाल्या, गांवोगांव व्याख्यानें झालीं आणि एप्रिल १९१७ पर्यंत सुमारें १४,००० सभासद नोंदले गेले.

आतां वाचकांनीं तारखेकडे लक्ष द्यावें. त्या वर्षीं ईस्टरचा रविवार २३ एप्रिल रोजीं होता. दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, आयर्लंडच्या डब्लिन शहरांत कांहीं शेंकडा सशस्त्र तरुणांनीं सरकारी इमारती बळकावून प्रजासत्ताकाची द्वाही फिरविली. बहुतेक सर्व कॅथलिक. शनिवारीं ता. २९ रोजीं त्यांनीं शरणागति पत्करली आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत त्यांच्या पुढाऱ्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. बेळगांवची २८ एप्रिल ही तारीख ह्याच आठवड्यांतील शुक्रवारची आहे. म्हणजे ज्या दिवशीं डब्लिनमध्यें तोफा धडाडत होत्या, त्याच दिवशीं बेळगांवास एक मराठी कॅथलिक गृहस्थ आयर्लंडपासूनच घेतलेल्या मागणीचा संघ सनदशीर मार्गानें स्थापीत होता. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या एकाच आठवड्यांत दोन देशांनीं एकाच ध्येयाकडे दोन वाटांनीं पाऊल टाकलें.

डब्लिनच्या तरुणांस वाट कां बदलावी लागली, हेंहि सांगितलें पाहिजे. होमरूलचा कायदा १९१४ सालीं अखेर मंजूर झाला होता. परंतु महायुद्धाचें निमित्त सांगून त्याची अंमलबजावणी तहकूब ठेवण्यांत आली. दिलेलें वचन लांबणीवर पडलें कीं सनदशीर मार्गावरचा विश्वास उडतो. काकांचा मार्ग सत्याचा होता खरा. पण तो मार्ग दुसऱ्या पक्षाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होता, ही त्याची दुर्बळ बाजू होती.

मजूर पक्ष व कामगार

१९१७ सालीं काका विलायतेस गेले. पूर्वीं आयरिश लोकांस ग्लॅडस्टनच्या पक्षाचा आधार मिळाला होता. आतां इंग्लंडांत कामकऱ्यांचा मजूर पक्ष उदयास येत होता व हिंदुस्थानच्या मागणीस त्याचा पाठिंबा मिळवावा, हा त्यांच्या प्रवासाचा हेतु होता. त्या पक्षाच्या पुढाऱ्यांशीं त्यांनीं संबंध जोडले. पुढें १९१८ सालीं टिळक विलायतेस गेले तेव्हां त्यांसहि ह्या ओळखींचा उपयोग झाला. परंतु ह्या सहवासानें काकांनीं स्वतःच्या जीवितासाठीं त्याहून मोठी गोष्ट आणली. कामकऱ्यांचा संघ असला पाहिजे, संघाशिवाय गरिबाचा आवाज कोठेंहि पोंचत नाहीं, ह्या विचारानें त्यांचें मन भरून गेलें.

त्या काळच्या मुंबईची स्थिति वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. १९११ च्या कायद्यानें गिरणींतील पुरुषाचा दिवस बारा तासांचा होता. कोंकणांतून व घांटावरून पोटासाठीं गेलेलीं माणसें चाळींतल्या एकेका खोलींत दाटीनें राहत. आपल्या मावळच्या डोंगरांतील गांवांतूनहि किती तरी पुरुष भाताचें पीक घरांत पडलें कीं मुंबईची वाट धरीत. ता. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत अखिल हिंदी ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें. लाला लजपतराय अध्यक्ष होते. काका बॅप्टिस्टा उपाध्यक्ष व स्वागताध्यक्ष होते. पुढल्या वर्षीं झरिया ह्या कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचें अध्यक्षपद काकांनीं भूषविलें. १९२२ च्या कायद्यानें कामाचे तास दिवसास अकरा व आठवड्यास साठ असे मर्यादित झाले, आणि १९२६ सालीं संघांस कायद्याची मान्यता मिळाली.

वर आम्हीं ओकॉनेलच्या विजयांतील एक दोष ध्यानांत ठेवण्यास सांगितलें होतें. मोठ्यांस जागा मिळाल्या व गरिबाचें मत गेलें, असें आयर्लंडांत घडलें होतें. स्वराज्य आलें तरी तें गिरणींतल्या माणसापर्यंत पोंचलें नाहीं तर काय उपयोग, हा प्रश्न काकांनीं कामगारांत उभें राहून विचारला. पवित्र पिते तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं आपल्या परिपत्रकानें कामकऱ्याच्या न्याय्य वेतनाचा व संघ स्थापण्याचा हक्क साऱ्या ख्रिस्तसभेस शिकविला. त्याच्या दोन वर्षें आधीं लंडनच्या गोदीकामगारांच्या संपांत वृद्ध कार्डिनल मॅनिंग यांनीं स्वतः मध्यस्थी केली. काकांचें कार्य ह्या शिकवणुकीच्या सरळ रेषेंत बसतें.

उतरते दिवस

ता. १ ऑगस्ट १९२० रोजीं टिळक निवर्तले. महात्मा गांधींची असहकाराची चळवळ देशभर पसरली. काकांस ती पटली नाहीं. कायदेमंडळांत शिरून, मिळेल तें घेऊन, अधिकासाठीं झगडावें, हें त्यांचें मत कायम राहिलें. लोकांचा ओघ दुसरीकडे वळला आणि होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष राजकारणाच्या मध्यभागांतून बाजूस पडला. असा प्रसंग ज्यांवर येतो त्यांतील पुष्कळ जण कटु होतात, किंवा टाळ्यांसाठीं आपलें मत बदलतात. काकांनीं दोन्ही केलें नाहीं. ते कामगारांत व शहराच्या कारभारांत काम करीत राहिले. १९२५ सालीं मुंबई कॉर्पोरेशनचें अध्यक्षपद त्यांस मिळालें; ह्याच पदास पुढें महापौर असें नांव पडलें. पाणी, गटारें, चाळी व रुग्णालयें ह्यांचा हा कारभार. घरचा कारभार आपण पाहावा असें जो आयुष्यभर म्हणत आला, त्यानें आपल्या जन्मगांवचा कारभार पाहून दाखविला.

१९३० सालीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, काकांचें देहावसान झालें. शिवडीच्या ख्रिस्ती स्मशानभूमींत त्यांचा देह विसांवला आहे. माझगांवच्या टेकडीवरील बागेस त्यांचें नांव दिलें आहे. तेथून गोदी दिसते.

त्यांचा मार्ग योग्य कीं महात्माजींचा, ह्याचा निवाडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, आयर्लंडास होमरूल मिळालें नाहीं. रक्तपात होऊन, देशाचे दोन तुकडे पडून १९२१ च्या तहानें निराळें राज्य मिळालें. हिंदुस्थानासहि १९४७ सालीं स्वातंत्र्य मिळालें तें फाळणीसह. ज्या मार्गानें हें सारें दुःख टळेल अशी काकांची आशा होती, त्या मार्गावर राज्यकर्ते वेळेवर आले नाहींत. आपल्या भोर संस्थानाची प्रजा तर आणखी एका पायरीवर खालीं होती. पंतसचिवांचें संस्थान १८२० च्या तहानें इंग्रजांच्या छत्राखालीं गेलें होतें व ता. ८ मार्च १९४८ रोजीं तें मुंबई राज्यांत विलीन झालें. त्या दिवशीं राजगडाच्या व प्रचंडगडाच्या पायथ्याच्या रहिवाशासहि, बेळगांवास मागितलेला घरचा कारभार बत्तीस वर्षांनीं मिळाला.

समारोप

प्रिय धर्मग्रामस्थहो, आतां त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊं. आपण मूळचे कोठले? काकांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर वादविवादानें दिलें नाहीं. देशबांधवांवर खटला झाला तेव्हां ते कोर्टांत उभे राहिले. देशाच्या मागणीस संघ हवा होता तेव्हां पहिली खुर्ची त्यांनीं घेतली, आणि त्या खुर्चीचा धोकाहि घेतला. गिरणींतल्या माणसास आवाज नव्हता तेव्हां त्याच्या सभेंत ते बसले. ह्यांपैकीं एकाहि कामासाठीं त्यांस आपला बाप्तिस्मा दाराबाहेर ठेवावा लागला नाहीं. ज्याच्या सुखदुःखांत आपण उभे राहतों, त्याच गांवचे आपण होतों. ह्याहून दुसरा दाखला कोणी मागत नाहीं, आणि मागितल्यास त्यास देण्यासारखा ह्याहून चांगला दाखला नाहीं.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं आमची एकच विनंती आहे. मंदिराची डागडुजी होईल, नवी घंटा येईल, मिरवणूक निघेल. तें सर्व योग्यच आहे. परंतु शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा, गांवच्या पाण्याची अडचण, ग्रामसभेंतील रिकामी जागा, मुंबई-पुण्यास मजुरीस गेलेल्या मुलाचें थकलेलें वेतन, ह्या कामीं आपल्यांतील कोणी पुढें झाला, तर काकांचें श्राद्ध घातल्यासारखें होईल. तो तरुण पुन्हां वेल्ह्याच्या बाजारांत जाईल, तेव्हां त्यानें मान वर करून जावें. प्रभु येशू ख्रिस्त काका जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या आत्म्यास चिरशांति देवो, आणि त्यांच्यासारखी निर्भय व निर्वैर माणसें आपल्या घरांतून निपजवो, अशी आमची पवित्र मिस्सेंत नित्य प्रार्थना आहे.